ताप उतरला, मग पाय का लुळे पडले?

विषाणूंचा संसर्ग आणि मज्जासंस्थेचे आजार : प्रत्येक घराने जाणून घ्यावे असे काही

ताप, सर्दी-खोकला, जुलाब ही आपल्या घरातली नेहमीचीच दुखणी. पावसाळा लागला की आधी एकाला ताप येतो आणि आठ दिवसांत साऱ्या घराला येऊन जातो. कामावर दोन दिवसांचा खाडा पडतो, मेडिकलमधून चार गोळ्या येतात आणि तिसऱ्या दिवशी माणूस पुन्हा डबा घेऊन बाहेर पडतो. बहुतेक वेळा एवढ्यावरच भागते. परंतु काही थोड्या माणसांच्या बाबतीत ताप किंवा जुलाब थांबल्यावरच खरे दुखणे सुरू होते. पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही, चप्पल पायातून निसटते, पापणी मिटू लागते किंवा एका डोळ्याने अंधुक दिसते. आणि ज्यांना मज्जासंस्थेचा असा आजार अगोदरपासूनच आहे, त्यांना साधी सर्दीसुद्धा महिनाभर अंथरुणाला खिळवू शकते.

असे का होते, त्यात विषाणूचा दोष किती आणि आपल्या शरीराचा किती, घरच्या माणसांनी काय करावे व काय टाळावे, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत. हे आजार संख्येने थोडे आहेत. पण ज्या घरात येतात त्या घरातल्या मिळवत्या माणसाचे हातपाय काढून घेतात, आणि तिथे वेळेवर ओळखण्याला मोल आहे.

पुण्यात काय घडले?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, तसेच नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गिलॅं-बारे सिंड्रोम, म्हणजे 'जीबीएस' या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. हा आजार एरवी वर्षभरात लाखात एखाद-दोघांना होतो. इथे मात्र दोन महिन्यांच्या आत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. अनेकांना कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले आणि काही जण दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले, तेव्हा अनेक नमुन्यांत 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' हा जिवाणू आणि काहींत 'नोरोव्हायरस' हा विषाणू आढळला. दोन्ही दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातात, आणि संशयाचे बोट पिण्याच्या पाण्याकडेच गेले.

त्या दिवसांत लोकांच्या मनात मोठी भीती बसली होती की हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतो. तसे नाही. जुलाबाचा जंतू एकापासून दुसऱ्याकडे जातो. त्यानंतर येणारा लुळेपणा जात नाही. रुग्णाच्या शेजारी बसल्याने, त्याला भरवल्याने किंवा उचलून नेल्याने कोणालाही जीबीएस होत नाही. तेव्हा अशा घराशी कोणी येणे-जाणे बंद करीत असेल, तर तो शुद्ध अन्याय समजावा.

पहारेकरीच घरावर उलटतो

आपल्या शरीरात रोगाशी लढणारी एक फौज असते. तिला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. बाहेरचा जंतू आत शिरला की ही फौज त्याची ओळख पटवते, त्याच्यावर चालून जाणारी प्रतिद्रव्ये तयार करते आणि त्याचा नाश करते. कधी कधी मात्र जंतूच्या अंगावरची खूण आणि आपल्याच एखाद्या अवयवावरची खूण एकसारखी असते. फौजेला फरक कळत नाही. जंतू मरतो, पण त्याच्यासाठी घडवलेले हत्यार आपल्याच शरीरावर चालू राहते. अशा आजारांना स्वयंप्रतिकार आजार म्हणतात.

मज्जातंतू हे विजेच्या वायरीसारखे असतात, असे समजा. आतून संदेश वाहतो आणि बाहेरून वेष्टण असते. वेष्टण सोलले गेले की वीज जशी नीट पोचत नाही, तसा मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोचत नाही. पाय धडधाकट असतो, स्नायूही असतो, पण हुकूमच येत नाही.

या कुळातले तीन आजार मुख्य आहेत. पहिला जीबीएस. यात हातापायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर हल्ला होतो. दुसरा मल्टिपल स्क्लेरॉसिस, ज्याला 'एमएस' म्हणतात. यात मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याकडे जाणारी शीर यांचे वेष्टण ठिकठिकाणी खराब होते. हा बहुधा तरुण वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो. तिसरा मायस्थेनिया ग्रॅव्हिस. यात वायर शाबूत असते, पण वायर जिथे स्नायूला जोडली जाते तो सांधाच अडवला जातो. सकाळी माणूस बरा असतो. दिवस कलेल तशी पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात, घास चावताना जबडा थकतो, बोलणे नाकातून येते. घरच्यांना वाटते आळस आहे किंवा सोंग आहे. ते सोंग नव्हे.

विषाणू काय करतो?

जीबीएसची नोंद तशी जुनी आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, गिलॅं, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी हातपाय लुळे पडलेल्या दोन सैनिकांचे वर्णन केले आणि त्यांच्या पाठीच्या मणक्यातील पाण्यात प्रथिने वाढलेली दाखवली. ती तपासणी आजही केली जाते. पुढे असे दिसून आले की जीबीएस झालेल्या दर तीन रुग्णांपैकी दोघांना आधीच्या सहा आठवड्यांत जुलाब किंवा ताप-खोकला होऊन गेलेला असतो. कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू त्यात सर्वांत पुढे आहे. परंतु विषाणूही पुष्कळ आहेत. सायटोमेगॅलो, एपस्टाइन-बार, फ्लू, हिपॅटायटिस ई म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचा विषाणू, चिकनगुनिया, झिका आणि कोविडचा विषाणू ही नावे त्या यादीत येतात.

झिकाचे उदाहरण बोलके आहे. पॅसिफिक महासागरातील फ्रेंच पॉलिनेशिया बेटांवर २०१३-१४ मध्ये झिकाची मोठी साथ आली आणि तिच्या पाठोपाठ जीबीएसचे ४२ रुग्ण सापडले. त्यांतल्या १६ जणांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले आणि १२ जणांना श्वासासाठी यंत्राची मदत लागली. पण उपचार वेळेवर मिळाल्याने एकही रुग्ण दगावला नाही. झिका हा परदेशातलाच रोग आहे असे कोणी समजू नये. २०२१ साली महाराष्ट्रातला त्याचा पहिला रुग्ण पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी सापडला. डेंग्यू व चिकनगुनिया पसरवणारा, दिवसा चावणारा पट्टेरी डासच झिकाही पसरवतो. पाण्याच्या पिंपावर झाकण ठेवणे हे म्हणूनच मज्जासंस्थेचेही रक्षण आहे.

एमएसबाबतची गोष्ट जरा निराळी आहे. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. एक कोटीहून अधिक सैनिकांच्या वीस वर्षांतल्या नोंदी त्यांनी चाळल्या. त्यांत ९५५ जणांना एमएस झालेला होता. एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो, असे त्यातून निघाले. पण यावरून कोणी घाबरून जाऊ नये. हा विषाणू जगातल्या बहुतेक सर्व प्रौढ माणसांच्या शरीरात कधी ना कधी शिरलेला असतो, आणि त्यांतल्या फारच थोड्यांना एमएस होतो. म्हणजे विषाणू ही ठिणगी आहे. आग लागायला इतरही कारणे जमून यावी लागतात.

आधीच आजार असलेल्यांनी काय ओळखावे?

आता त्या घरांकडे वळू, जिथे असा रुग्ण आहेच. अशा माणसाला ताप आला तर तीन निरनिराळ्या गोष्टी घडू शकतात, आणि त्यांतला फरक कळला पाहिजे.

पहिली गोष्ट तापाची. एमएसच्या रुग्णाचे वेष्टण आधीच विरळ झालेले असते. शरीर तापले की त्यातून संदेश आणखी हळू जातो. त्यामुळे जुनीच लक्षणे पुन्हा डोके वर काढतात, नजर अंधुक होते, पाय जड होतो. उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली हे प्रथम नोंदवले. ही नवी इजा नव्हे. ताप उतरला की बहुधा पहिल्यासारखे होते. अशा वेळी पॅरासिटामॉल, कपाळावर ओल्या पट्ट्या, भरपूर पाणी आणि आराम यांनी काम भागते.

दुसरी गोष्ट खऱ्या उचलीची. अमेरिकेत अॅरिझोना येथे १७० एमएस रुग्णांवर आठ वर्षे नजर ठेवून १९८५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विषाणूचा संसर्ग होण्याच्या दोन आठवडे आधीपासून नंतरच्या पाच आठवड्यांपर्यंत आजार उचल खाण्याचे प्रमाण एरवीपेक्षा जवळजवळ तिप्पट असते, असे त्यात दिसले. मात्र हेही खरे की, बहुतेक सर्दी-पडशी काही न करता निघून गेली. शंभर संसर्गांपैकी सुमारे नऊ वेळाच आजाराने उचल खाल्ली. खूण लक्षात ठेवा. ताप गेल्यावरही नवे लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकले, तर ती खरी उचल असू शकते. न्यूरॉलॉजिस्टला त्वरित दाखवावे.

तिसरी गोष्ट श्वासाची, आणि ती मायस्थेनियाच्या रुग्णाच्या बाबतीत सर्वांत गंभीर. छातीत कफ झाला की आधीच थकलेले श्वासाचे स्नायू हात टेकतात. यालाच डॉक्टर 'क्रायसिस' म्हणतात, आणि तो येण्यामागे संसर्ग हे नेहमीचे कारण असते. घरात करता येईल अशी एक साधी परीक्षा आहे. रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगून एका श्वासात मोठ्याने एक, दोन, तीन असे आकडे म्हणायला लावा. वीसपर्यंतही पोचता आले नाही, पाणी पिताना ठसका लागून नाकातून बाहेर आले, आडवे पडल्यावर धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करून अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. जीबीएसच्या रुग्णालाही हीच परीक्षा लागू आहे.

औषधांबाबत सावधगिरी

आमच्या वस्त्यांत एक सवय पक्की बसली आहे. ताप आला की चिठ्ठीशिवाय दुकानातून अँटिबायोटिक आणायचे. विषाणूच्या तापावर अँटिबायोटिकचा काही उपयोग होत नाही, हे तर आहेच. पण मायस्थेनियाच्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, अॅझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन, मलेरियावरचे क्लोरोक्विन व क्विनीन आणि शिरेतून दिले जाणारे मॅग्नेशियम ही औषधे स्नायूंचा अशक्तपणा वाढवू शकतात. यांपैकी काही औषधे जुलाबासाठी आणि खोकल्यासाठी सर्रास दिली जातात. म्हणून अशा रुग्णाच्या खिशात नेहमी एक चिठ्ठी असावी : आजाराचे नाव, चालू औषधे आणि टाळायची औषधे. नव्या डॉक्टरपुढे बसताच ती प्रथम पुढे करावी. कधी दुसरा इलाज नाही म्हणून डॉक्टर यांतले एखादे औषध देतीलही, पण ते जाणून-बुजून आणि लक्ष ठेवून देतील.

दुसरी सावधगिरी स्टेरॉइडची. या आजारांत पुष्कळांना प्रेडनिसोलोनच्या गोळ्या महिनोन् महिने चालू असतात. 'ताप आहे, तर बाकीच्या गोळ्या दोन दिवस बंद ठेवू' असा विचार घरची मंडळी करतात. असे कधीही करू नये. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याचे शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करते. गोळी एकाएकी थांबली तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. आजारपणात उलट मात्रा वाढवावीही लागते. अॅझाथायोप्रिन, रिटुक्सिमॅब यांसारख्या औषधांचे काय करायचे, हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. ही औषधे उलटलेल्या फौजेला लगाम घालतात. पण तोच लगाम खऱ्या शत्रूशी लढतानाही आड येतो. कोविडच्या साथीत रिटुक्सिमॅबसारखी औषधे घेणाऱ्या एमएस रुग्णांना अधिक गंभीर आजार झाल्याचे अनेक देशांतल्या नोंदींत दिसून आले.

नागीण, गेरू आणि मंत्र

लगाम घातलेल्या शरीरात जुना विषाणूही जागा होतो. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो. प्रतिकारशक्ती दबली की तो त्याच मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून नागिणीचे फोड शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे उठतात.

नागिणीची दोन तोंडे मिळाली की माणूस मरतो, ही समजूत आजही ऐकू येते. मग गेरूचा लेप लावतात, मंत्र टाकणाऱ्याकडे नेतात, आणि त्यात चार-पाच दिवस निघून जातात. नेमके तेच दिवस मोलाचे असतात. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत अॅसायक्लोव्हिरसारखे औषध सुरू केले तर त्याचा चांगला उपयोग होतो. हीच गोष्ट लुळेपणाची. 'वारं गेलं', 'बाहेरचं झालं', 'करणी केली' म्हणून अंगारे-धुपारे करीत बसणाऱ्या घरातला रुग्ण चौथ्या दिवशी रुग्णालयात पोचतो, तोवर श्वासाचे स्नायू गेलेले असतात. कारण शोधा, मग उपाय करा, हीच आपल्याला शिकवलेली वाट आहे. तीच इथेही धरली पाहिजे.

लस घ्यावी की नाही?

लसीमुळे आजार उचल खाईल, अशी भीती अनेकांना असते. ती अगदीच हवेतली नाही. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस दिली, तेव्हा लस घेतलेल्या दर लाखामागे सुमारे एक जादा जीबीएस रुग्ण आढळला. त्यानंतरच्या फ्लूच्या लशींत हा धोका दर दहा लाखांमागे एक-दोन एवढाच दिसतो. उलट, फ्लू झाल्यावर जीबीएस होण्याचा धोका लशीपेक्षा अधिक आहे. एमएसबाबत तर युरोपातील सहाशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. धनुर्वात, हिपॅटायटिस बी, फ्लू यांच्या लशींमुळे आजार उचल खात नाही, असे त्यात आढळले.

नियम साधा आहे. मृत विषाणूंची लस सहसा चालते. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना जिवंत विषाणूंची लस, जसे गोवर किंवा कांजिण्यांची, टाळतात. शक्य असेल तर अशी औषधे सुरू करण्यापूर्वीच लसीकरण उरकून घ्यावे. ज्यांना पूर्वी एखाद्या लशीनंतर सहा आठवड्यांत जीबीएस झाला असेल, त्यांनी ती लस पुन्हा घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. आणि घरातल्या बाकीच्यांनी फ्लूची लस घेतली, तर रुग्णाभोवती आपोआप कुंपण उभे राहते.

खर्च आणि हक्क

जीबीएसवर दोन उपचार आहेत आणि दोन्ही सारखेच गुणकारी आहेत. पहिला, इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने. त्यांची मात्रा वजनावर ठरते : दर किलोला एकूण दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम लागते, आणि हे औषध फार महाग असते. दुसरा, रक्तातील प्लाझ्मा बदलणे. तो पुष्कळदा कमी खर्चात होतो, पण त्यासाठी यंत्र आणि जाणकार माणसे लागतात. इंजेक्शने पहिल्या दोन आठवड्यांत आणि प्लाझ्मा बदल चार आठवड्यांच्या आत केल्यास लाभ होतो. जीबीएसवर नुसत्या स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, हेही माहीत असावे. पुढे महिनोन् महिने व्यायामोपचार लागतात. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात. पण सहा महिन्यांनंतरही पाचातल्या एकाला आधाराविना चालता येत नाही.

म्हणून दागिने मोडण्यापूर्वी, सावकाराकडे जाण्यापूर्वी चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जीबीएसचा उपचार बसतो. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड व आधार कार्ड घेऊन प्रथम त्याला भेटा. ज्यांचा ईएसआयचा हप्ता कापला जातो, त्यांना उपचार तर मिळतोच, शिवाय अटी पूर्ण असल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा भत्ता मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरॉसिसचे नाव स्पष्ट घातलेले आहे. त्याचा दाखला काढण्यात कमीपणा मानू नये; तो कायद्याने दिलेला हक्क आहे.

घरोघरी एवढे तरी करा

पिण्याचे पाणी, विशेषतः विहिरीचे व टँकरचे, उकळून घ्या. पाण्याला वास आला, रंग बदलला, वस्तीत एकदम जुलाब सुरू झाले, तर एकट्याने तक्रार न करता दहा घरांच्या सह्यांचा अर्ज वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. कोंबडी-मटण पूर्ण शिजवा. कच्चे मटण कापलेली सुरी धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नका. शौचानंतर आणि जेवणापूर्वी हात साबणानेच धुवा; बाटलीतले हाताला चोळायचे औषध नोरोव्हायरसवर फारसे चालत नाही. घरात कोणाला सर्दी-ताप असेल तर रुग्णाजवळ जाताना तोंडाला फडके बांधा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर तीन-चार आठवड्यांत दोन्ही पायांना मुंग्या आल्या, बसलेले उठता येईना, लुळेपणा पायांकडून वर सरकू लागला, तर 'अशक्तपणा आहे, टॉनिक द्या' असे कोणी म्हटले तरी थांबू नका. मोठ्या रुग्णालयात जा आणि 'पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते' हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या एका वाक्याने निदानाची वाट सोपी होते.

आमच्या वाचक भगिनींना एक विनंती. हे पान वाचून झाल्यावर रद्दीत टाकू नका. शेजारणीला वाचून दाखवा, महिला मंडळाच्या बैठकीत वाचा. उद्या कोणाच्या घरी अशी वेळ आली, तर तिथे ही माहिती असलेले एक तरी माणूस हजर असले पाहिजे.